सहा पंचवीस ते सहा तीस

ग्रिम्सबीच्या शाळेतली जिम.
बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेली टेबलं,
आडनावांच्या क्रमानं बसलेले आम्ही,
माझ्यासमोर पाटी : मिस ऑर्मरॉड, भूगोल.
साडेचार ते सात. तीस पालक.
प्रत्येकाला पाच मिनिटं.
हिशेब चोख आहे,
त्यात पाणी प्यायलाही जागा नाही.

घंटा बारावीतल्या इमोजेनकडे.
पितळी, जड, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून आलेली.
ती अगदी मन लावून वाजवते,
कुणाकडेही न बघता.
स्टाफ मीटिंगमध्ये या घंटेसाठी भांडले ती मीच.
मागच्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी
लेकीच्या दीड गुणासाठी माझी अठरा मिनिटं घेतली,
आणि रांगेतला रात्रपाळीचा माणूस
दोनदा घड्याळ बघून निघून गेला.
त्याचं नाव आठवत नाही.
पाठ आठवते.

तर यंदा सगळं वेळेवर.
मिसेस अडेबायो प्रश्नांची यादीच घेऊन आल्या,
अकरा प्रश्न, चार मिनिटं, वर आभार.
एक गृहस्थ स्वतःच्या शाळेतल्या
नकाशाच्या गुंडाळीबद्दलच बोलत राहिले,
मुलाचा विषय निघालाच नाही.
घंटा.
खुर्च्यांची फरफट.
घंटा.

सहा पंचवीस. गारसाइड. डेक्लनचे वडील.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेले.
हात दोन-तीनदा तरी धुतले असावेत,
साबणाचा वास माशाच्या वासाशी
अजून झटत होता.
पहिलं मिनिट पार्किंगमध्ये गेलं.
दुसरं मी घेतलं, तक्ता त्यांच्याकडे फिरवला :
नद्या चांगल्या, नकाशे बरे, गृहपाठ अर्धामुर्धा.
दुकानातली पावती तपासावी तशी
त्यांची नजर आकड्यांवरून खाली उतरली.
तिसऱ्या मिनिटाला त्यांनी टोपी काढली,
चौथ्याला परत घातली.
मी पुढचं नाव वाचून घेतलं.
हे लपवत नाही.

आणि इमोजेनचा हात वर जाताना
ते टेबलाच्या कडेला म्हणाले,
"घरी बोलत नाही तो. जानेवारीपासून.
त्याची आई गेल्यापासून.
इथं बोलतो का?"

घंटा.

गेली म्हणजे कशी, कुठे,
हे विचारायला सहावं मिनिट लागलं असतं.
त्यांच्यामागे मिसेस वासिलेन्को,
हातावर कोट, खुर्चीच्या पाठीवर बोटं.
तक्त्यात शोधलं, तिथं नव्हतं.
वर्गात शोधलं,
तिसरी रांग, भिंतीकडचं बाक.

"मंगळवारी," मी म्हणाले, "खिडकी उघडू का, म्हणाला."
"नेमकं काय म्हणाला?"
"मिस, खिडकी उघडू का? उकडतंय."
"उकडतंय," ते म्हणाले.
मग पुन्हा एकदा, थोडं वरच्या पट्टीत,
मुलाचा आवाज आठवून बघावा तसं.
उठले, खुर्ची नीट आत सरकवली,
मिसेस वासिलेन्कोंची माफी मागितली.
मागच्या चार जणांना
त्या दिवशी साडेचार-साडेचारच मिनिटं मिळाली.
कुणी तक्रार केली नाही.
केली असती तर ती खरी होती.

सातनंतर केअरटेकर खुर्च्या रचत होता.
यादीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं : फोन.
मग खोडलं, लिहिलं : उद्याच फोन.
बाहेर हंबरला ओहोटी लागलेली,
चिखल उघडा पडत होता सावकाश,
त्याला कुणी वेळ ठरवून दिली नव्हती, असं म्हणणार होते,
पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक
मीच वर्गात चिकटवलंय.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला
मी हीटर मुद्दाम दोन आकडे वर ठेवला,
खिडक्या सगळ्या लावून घेतल्या,
आणि वर्गाकडे पाठ करून
फळ्यावर एक किनारा काढत राहिले,
येईल तितका हळू.